माडीवरची

मुलांनो, अगदी खरं सांगा, तुम्हाला घाबरायला आवडतं की नाही? ‘नाही’ म्हणणाऱ्यांवर माझा मुळीच विश्वास नाही. बाहेर पाऊस पडत असावा, लाइट गेलेली असावी आणि आजीने आवाज खाली आणून म्हणावं, ‘‘मग काय झालं, ठाऊक आहे?’’ अशा वेळी आपण पांघरुणात शिरतो, पण कान मात्र बाहेर ठेवतो. हो ना?

मलाही लहानपणी घाबरायला फार आवडायचं. त्याहून जास्त आवडायचं ते दुसऱ्याला घाबरवायला. त्याचीच ही गोष्ट आहे. ती सांगायला मला थोडी लाज वाटते, पण परवा शाळेत एक प्रकार घडला आणि ती सांगावीच लागली.

झालं असं, की मधल्या सुट्टीत आमच्या चौथीतली सात-आठ मुलं हातपंपाच्या मागे गोल करून बसली होती. मध्ये चिठ्ठ्या आणि लुडोचा एक फासा. एक मुलगा अगदी हलक्या आवाजात सांगत होता, ‘‘तुम्ही कुंपणाच्या आत आलात. अंधार आहे. खिडकीत दिवा आहे. तुम्ही काय करणार?’’

‘‘मी वाकून बघणार,’’ एक मुलगी म्हणाली.

‘‘टाक फासा!’’

फाशावर दोन पडले.

‘‘संपलं! आजीने मान वळवली!’’ सगळी पोरं किंचाळली आणि मग खो खो हसत सुटली.

मी चौकशी केली. एकाने दादाच्या मोबाइलवर ‘हॅलो नेबर’ नावाचा खेळ पाहिला होता. २०१७ साली आलेला हा खेळ. समोरच्या घरातला शेजारी तळघरात काहीतरी लपवून ठेवतो आणि आपण चोरून त्याच्या घरात शिरून ते शोधायचं. आमच्या पोरांकडे ना संगणक ना मोबाइल, म्हणून त्यांनी चिठ्ठ्या आणि फासा घेऊन स्वतःचा खेळ तयार केला होता. त्यांच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं. पण त्यांनी शेजारी कोण घेतला होता, ठाऊक आहे? आमच्या शाळेच्या भिंतीपलीकडे एकट्या राहणाऱ्या खऱ्याखुऱ्या आजी! त्या रात्रभर दिवा जळत ठेवतात म्हणे, आणि म्हणून त्यांच्या घरात काहीतरी ‘आहे’!

माझ्या अंगावर काटाच आला. भुताच्या भीतीने नव्हे हं. असाच खेळ आम्हीही खेळलो होतो, आणि तो कुठे जाऊन थांबला हे मला माहीत होतं.

ही १९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा चौथीत होते. सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात, एका जुन्या वाड्यात आम्ही राहायचो. मध्ये चौक, चौकाभोवती ओसरी, चार बिऱ्हाडं, परसात आड आणि एका कोपऱ्यातून वर जाणारा काळोखा लाकडी जिना. त्या जिन्याने वर गेलं की माडी. माडीवर एक नवीन बिऱ्हाड आलं होतं. एक काकू आणि त्यांची मुलगी. तिला आम्ही ताई म्हणायचो. ती असेल बावीसेक वर्षांची. घरात बसून साड्यांना फॉल लावायची.

दोघी कुणात मिसळत नसत. दार सदा आतून लावलेलं. तेवढ्यावर आम्ही मुलांनी लक्ष ठेवायला सुरुवात केली. आणि काय सांगू, आठवड्याभरात आमच्याकडे एकाहून एक भारी पुरावे गोळा झाले!

पहिला पुरावा. कधी कधी रात्री माडीवरून एक किंकाळी यायची. एकच. लांब, चिरकी, माणसाची वाटू नये अशी. दुसरा पुरावा. किंकाळीपाठोपाठ माडीच्या फळ्यांवर धप धप धप असा आवाज व्हायचा आणि मग एकदम सगळं शांत. तिसरा पुरावा. अमावस्येला झोळीवाला एक माणूस वर जायचा. तो आला की मिरचीची धुरी खाली चौकापर्यंत यायची आणि आम्ही सगळे खोकून खोकून बेजार व्हायचो. आणि चौथा पुरावा तर पक्काच. काकू ताईला कधीही आडावर येऊ देत नसत. चार-चार हंडे पाणी त्या एकट्या वर न्यायच्या.

‘‘भुताला पाणी चालत नसतं,’’ वाड्यातला सातवीतला दादा म्हणाला. झालं! आमची खात्री पटली.

मग त्या दादाने खेळ काढला. नाव ठेवलं ‘माडीवरची’. दिवेलागणीला आम्ही जिन्याखाली जमायचो. चार चिठ्ठ्या असायच्या. पोलीस, मांत्रिक, वाट चुकलेला पाहुणा आणि माडीवरची. दादा सांगणारा. तो गोष्ट सांगत जायचा आणि मध्येच थांबून विचारायचा, ‘‘आता तू काय करणार?’’ आपण सांगायचं आणि फासा टाकायचा. सहा पडले तर सुटका. एक पडला तर माडीवरची झडप घालणार.

आता मोठेपणी मला कळलंय, की असे सोंग घेऊन खेळायचे खेळ जगभर खेळले जातात. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा असा खेळ बाजारात आणला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि अडलं की फाशाने निकाल द्यायचा. पुढे १९८१ साली ‘कॉल ऑफ कथुल्हू’ हा खास भीतीचा खेळ आला. त्यात प्रत्येक पात्राला मनाच्या स्वास्थ्याचे गुण असतात आणि भयंकर काही दिसलं की ते कमी कमी होत जातात. आमच्या वाड्यात या खेळांची नावंसुद्धा कुणी ऐकली नव्हती. तरी जिन्याखालच्या अंधारात आम्ही जवळपास तोच खेळ शोधून काढला होता बरं का!

थोड्याच दिवसांत ‘माडीवरची’ची चिठ्ठी काढायचीच बंद झाली. ते काम कायमचं माझ्याकडे आलं. कारण माझ्यासारखी किंकाळी कुणालाच जमत नव्हती. मी रात्री जागून ऐकायची, सकाळी परसात जाऊन सराव करायची. आधी किंकाळी, मग टाचा आपटायच्या, मग एकदम निपचित पडायचं. धाकटी पोरं घाबरून रडायची आणि माझी मान ताठ व्हायची.

तुळशीची लग्नं लागली आणि गावात मुली बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. एका रविवारी माडीवर पाहुणे आले. पोह्यांचा वास खालपर्यंत आला. काकू त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याशी हसून बोलल्या. ‘‘बाळांनो, आज जरा दंगा करू नका हं,’’ असं म्हणून त्यांनी आमच्या हातावर एकेक लाडू ठेवला.

पाहुण्यांबरोबर आमच्याच वयाचा एक मुलगा होता. मोठ्यांच्या बोलण्याला कंटाळून तो खाली आला. आम्ही त्याला खेळात घेतलं. चिठ्ठी काढायला लावली, तर त्याला नेमकी ‘वाट चुकलेला पाहुणा’ आली. आम्ही हसून हसून लोळायचे बाकी राहिलो. त्याने फासा टाकला. एक पडला. आणि मी जिन्याखालच्या अंधारातून माझी किंकाळी फोडली.

तो मुलगा रडत वर पळाला. थोड्या वेळाने त्याची आई खाली आली. रागावली नाही. माझ्या गालाला हात लावून गोड आवाजात म्हणाली, ‘‘काय गं बाळ, किती छान सोंग करतेस. कुणाचं गं हे?’’

मुलांनो, त्या क्षणी मी गप्प बसू शकले असते. दादाने डोळे मोठे करून मला खूणही केली. पण एक मोठी बाई माझं कौतुक करत होती ना! मी फुशारकीने सांगितलं, ‘‘वर ओरडतात ना रात्री, तसं. मग पाय आपटल्याचा आवाज येतो. झोळीवाला बाबापण येतो.’’ आणि तिने न सांगताच मी ते पुन्हा एकदा करून दाखवलं.

पाहुणे चहा अर्धा टाकून निघून गेले. काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या मला काही बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी वाड्यापुढे टेम्पो आला आणि माडी रिकामी झाली.

त्या रात्री आईने मला जवळ बसवून सांगितलं, ‘‘अगं, तिला फिट येते.’’ वाड्यातल्या मोठ्या बायकांना हे ठाऊक होतं. बाबा म्हणाले, ‘‘पण त्यांनी पाहुण्यांपासून लपवायला नको होतं.’’ आई म्हणाली, ‘‘लपवलं हे चुकलंच. पण ते सांगायचं की नाही, कधी आणि कसं, हे त्या पोरीने ठरवायचं. आपल्या पोरीने जिन्याखालून ओरडून नव्हे.’’ आईने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

पण फिट म्हणजे नेमकं काय, ते मला तेव्हा कुणी समजावलं नाही. ते समजलं पुढे, मी शिक्षिका झाल्यावर. २०१२ साली माझ्या वर्गातला तिसरीतला एक मुलगा बाकावरून खाली कोसळला. आणि कोसळताना त्याच्या तोंडून तीच किंकाळी आली. अगदी तीच! मग त्याच्या टाचा फरशीवर आपटू लागल्या. धप धप धप. पोरं ‘‘भूत लागलं, भूत लागलं’’ म्हणत बाहेर पळाली. कुणी चप्पल हुंगवायला आणली. आणि मी, त्यांची बाई, भिंतीला टेकून नुसती उभी होते. शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी शाळेत येऊन सगळ्यांना समजावलं. ते तुम्हालाही सांगते. आपल्या मेंदूतल्या पेशी विजेच्या अगदी सूक्ष्म संदेशांनी एकमेकींशी बोलतात. कधी कधी पुष्कळ पेशी एकदम, वेड्यावाकड्या संदेश पाठवू लागतात. मग अंग ताठ होतं, छातीतली हवा घशातून जोराने बाहेर पडते आणि किंकाळीसारखा आवाज येतो. माणूस तो मुद्दाम काढत नाही. तो तेव्हा शुद्धीवरच नसतो. मग हातपाय झटके देतात आणि बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत सगळं शांत होतं. वारंवार अशा फिट येण्याच्या आजाराला अपस्मार म्हणतात. कुणी फेफरं म्हणतात, कुणी मिरगी. तो शिवल्याने होत नाही. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे, आणि नीट औषधोपचार मिळाले तर त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट पूर्ण थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

डॉक्टर बोलत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचे चारही पुरावे एकेक करून उलगडत होते. किंकाळी ही अशी. धपधप ही अशी. आडावर जाऊ देत नसत, कारण काठाशी उभं असताना फिट आली तर ती आत पडेल. आणि ती मिरचीची धुरी? ती आम्हाला चौकात सोसत नव्हती. ताईला तर ती तोंडासमोर देत होते.

आमच्या वाड्यातलं भूत माडीवर नव्हतंच. ते त्या झोळीत होतं, लोकांच्या बोलण्यात होतं आणि थोडं जिन्याखालीही होतं.

काकू का लपवत होत्या, तेही मला नंतर कळलं. तेव्हाच्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणारी व्यक्ती लग्नाला योग्य मानली जात नव्हती. १९९९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अपस्माराचा उल्लेख काढून टाकण्यात आला. म्हणजे आमच्या त्या रविवारनंतर जेमतेम एक वर्षाने! आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मिरचीची धुरी देणं, मारहाण करणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं धडपड केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि कायदा त्यानंतर झाला.

२०१६ साली मला ताई पुन्हा भेटली. मी साताऱ्याला एका शिवणाच्या दुकानात ब्लाउज टाकायला गेले होते. पावतीसाठी नाव-गाव सांगितलं तशी दुकानाच्या बाईंनी मान वर केली. ‘‘म्हणजे तू खालच्या बिऱ्हाडातली?’’ मी ओळखलं आणि माझे पाय लटपटले. मी माफी मागायला लागले, तर तिने मला स्टुलावर बसवलं. गाव सोडल्यावर मामाने तिला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. रोजची गोळी सुरू झाली आणि कित्येक वर्षांत फिट आली नव्हती. लग्नही झालं होतं. ‘‘पहिल्याच भेटीत मी स्वतः सगळं सांगितलं त्यांना,’’ ती म्हणाली. मग कापडावर खडूने रेघ मारत हसून म्हणाली, ‘‘फळ्यांच्या फटीतून मला तुमचा खेळ सगळा ऐकू यायचा गं. तू ओरडायचीस फार छान. पण इतके दिवस माझ्यावर खेळलात, मला कधी खेळायला नाही बोलावलंत.’’

ती रागावून बोलली असती तर मी विसरले असते. हे वाक्य मात्र विसरता येत नाही.

हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची १९६० सालची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी वाचताना मला पुन्हा आमचा वाडा आठवला. त्यातली मुलंही घराबाहेर न पडणाऱ्या शेजाऱ्याला राक्षस ठरवतात आणि अंगणात त्याचं नाटक करतात. शेवटी जिवावरच्या संकटातून त्यांना वाचवतो तो हाच शेजारी. पण मुलांनो, शेजारी आपला जीव वाचवेल म्हणून त्याच्याशी नीट वागायचं, असं नाही बरं का. ताईने आमचा जीव वाचवला नव्हता. ती नुसती साड्यांना फॉल लावत होती. तेवढं पुरे आहे.

तर पुन्हा आमच्या हातपंपामागे येऊ. मी मुलांचा खेळ बंद केला का? मुळीच नाही! मी खाली बसले नि म्हटलं, ‘‘मलाही चिठ्ठी द्या.’’ एक डाव खेळले. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांना हीच गोष्ट सांगितली, माझी किंकाळी वगळून.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, ‘‘बाई, पण त्या आजी रात्रभर दिवा का ठेवतात?’’

मी म्हटलं, ‘‘मला ठाऊक नाही. आणि ते आपल्याला कळलंच पाहिजे, असंही नाही.’’

मग आम्ही सगळ्यांनी मिळून नियम केले. पहिला नियम, भूत मनातलं असेल, गावातलं नाही. दुसरा नियम मोठ्या लोकांकडून उसना घेतला. असे खेळ खेळणारे काही गट मध्ये फुली काढलेलं एक कार्ड ठेवतात. कुणाला खेळ नकोसा झाला तर त्याने कार्डाला हात लावायचा. का, असं विचारायचं नाही. गोष्ट तिथून वळवायची. आता आमच्या हातपंपामागेही असं कार्ड असतं. आणि शेजारी? तो सध्या एका विहिरीच्या तळाशी राहतो, त्याला तीन सावल्या आहेत आणि तो फक्त पाढे चुकणाऱ्यांना पकडतो. हे शेवटचं माझं नाही हं, मुलांचंच!

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तुमच्यासमोर कुणाला फिट आली, तर पळू नका. जवळच्या टणक वस्तू बाजूला करा. डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेला कपडा ठेवा. गळ्याभोवतीचं बटण सैल करा आणि त्याला कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, पाणी, काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका. घड्याळ बघा आणि मोठ्या माणसाला हाक मारा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ ला फोन करायचा. आणि तो शुद्धीवर आला की गर्दी करून बघत बसू नका. त्याला फार संकोच वाटत असतो.

पालकांनाही दोन शब्द सांगते. मुलांचे भीतीचे खेळ बंद करू नका. अंधाराची ओळख त्यांना खेळातच होऊ द्या. पण खेळातला राक्षस कोण आहे, हे एकदा हळूच विचारा. आणि तो गल्लीतलाच कुणी असेल, तर त्याचं नाव मुलांनी कुणाकडून ऐकलं, याचा विचार करा. आम्ही ‘माडीवर काहीतरी आहे’ हे पहिल्यांदा आडावर ऐकलं होतं, मोठ्यांच्या तोंडून.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भिंतीपलीकडे पाहिलं. आजी अंगणात तांदूळ निवडत होत्या. दोन मुली कुंपणापाशी घुटमळत होत्या. त्यांतली एक अखेर म्हणाली, ‘‘आजी, तुम्हाला सागरगोटे येतात का?’’

आजींनी सूप खाली ठेवलं.